ग्रँड कॅनियनचा लांब दिवस: अंधार कुठे गाठणार, ते आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात चौघे जण ग्रँड कॅनियनच्या साउथ रिमवर, म्हणजे दरीच्या दक्षिण काठावर, जाणार आहेत. दोघे सॅन होजेचे, दोघे पुण्याहून आलेले, चौघांचीही वयं चाळिशीतली. सकाळी नाश्ता करून साडेआठला साउथ कायबॅब ट्रेलने उतरायचं, कोलोरॅडो नदी ओलांडून दरीच्या तळाशी असलेल्या फँटम रँच या मुक्कामाच्या ठिकाणी जेवायचं आणि ब्राइट एंजल ट्रेलने त्याच दिवशी वर यायचं, असा बेत आहे. सह्याद्रीत चौघांनीही भरपूर पायपीट केली आहे, रात्रीचे ट्रेकही केले आहेत. हिशेब मांडला तर शेवटचे दोन-तीन तास अंधारात जातात. हे चालेल का?

अंधारात चालणं चालेल. साडेआठला निघणं चालणार नाही.

मी ॲरिझोनात राहतो आणि बरीच वर्षं मराठी मंडळींना या वाटांवर घेऊन जातो आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. त्याआधी एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असायलाच हवी. नदीपर्यंत उतरून त्याच दिवशी वर येऊ नका, असं राष्ट्रीय उद्यानाचं अधिकृत सांगणं आहे. मे ते सप्टेंबरमध्ये तर मीही कुणाला या बेताला होकार देत नाही. त्या दिवसांत तळाशी पारा सहज चाळिशीपार जातो आणि सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात आतल्या वाटांवर चालूच नये, असा तिथला नियमित इशारा असतो. ऑक्टोबरअखेर हवा खूपच माणसात आलेली असते. तळाशी दुपारी साधारण पंचवीस ते तीस अंश, वर रिमवर पहाटे शून्याच्या आसपास. तयारीच्या माणसांनी हा बेत करावा असं मला वाटतं, पण तो त्या दिवसाच्या गणितात बसवून.

आधी आकडे. साउथ कायबॅबचं तोंड २,२१३ मीटरवर आहे, ब्राइट एंजलचं २,०८५ मीटरवर आणि नदी ७३० मीटरच्या आसपास. म्हणजे साडेचौदाशे मीटर उतार, साडेतेराशे मीटर चढ आणि एकूण चाल सव्वीस-सत्तावीस किलोमीटर. रोज धावणाऱ्या माणसाला हे आकडे वाचून भीती वाटत नाही. पण आकड्यांपेक्षा क्रम महत्त्वाचा. सह्याद्रीत दम संपला की आपण अर्ध्यातून परत फिरतो आणि पुढचा सगळा उतार असतो. इथे दम संपतो तेव्हा समोर चढ शिल्लक असतो. त्यातही सगळ्यात कठीण भाग शेवटी येतो. हवासुपाय गार्डन्स या अर्ध्या वाटेवरच्या थांब्यापासून रिमपर्यंत सात-साडेसात किलोमीटर आणि सव्वानऊशे मीटर चढ उरतो. बारी गावातून कळसूबाई चढायला जेवढा चढ लागतो, साधारण तेवढाच. तो एकोणीस किलोमीटर चालून झाल्यावर, दिवस मावळताना सुरू होतो.

तुमच्या रात्रीच्या ट्रेकच्या अनुभवाबद्दलही इथेच सांगतो, कारण आपल्या मंडळींचा अंदाज बहुतेक वेळा इथेच चुकतो. हरिश्चंद्रगड किंवा कळसूबाई रात्री चढताना आपण ताजे असतो. पोटभर जेवून निघालेलो असतो, पुढे उजाडणार असतं, वर कुणाच्या तरी झोपडीत चहा मिळणार असतो. इथे अंधार दिवसाच्या शेवटी येतो. मांड्या उतारानेच पिळून निघालेल्या असतात, जेवणाची इच्छा मेलेली असते आणि तासागणिक थंडी वाढत असते. डोळ्यांना अंधाराची सवय असली, तरी अशा अवस्थेत पाय उचलायची सवय बहुतेकांना नसते.

म्हणून अंधार किती तास आहे, यापेक्षा तो तुम्हाला कुठे आणि कोणत्या अवस्थेत गाठतो, हे बघा.

तुमचा साडेआठचा बेत मांडून पाहू. फोटो काढत, खेचरांना वाट देत उतरलात तर नदीपाशी साडेबारा. जेवण, पाय धुणं, फँटम रँचच्या कँटीनमध्ये लिंबू सरबत, निघायला दीड. हवासुपाय गार्डन्सला साडेचार. पाणी भरून निघायला पाच. त्या आठवड्यात सूर्यास्त सहाला वीस-पंचवीस मिनिटं कमी असताना होतो आणि सहा वाजून गेले की दिवा लागतोच. म्हणजे काळोख तुम्हाला जेकब्स लॅडरवर गाठणार. रेडवॉल चुनखडीच्या लाल कड्यातून वर जाणारी ही वळणं संपूर्ण वाटेतली सगळ्यात दमवणारी. तिथून रिमवर पोहोचायला नऊ-साडेनऊ. हे सगळं सुरळीत झालं तर. कुणाचा गुडघा धरला, कुणाला उलटी झाली, तर मध्यरात्र.

आता पहाटेचं गणित. गाडी ब्राइट एंजलजवळ, म्हणजे जिथे तुम्ही वर येणार तिथे लावा. साउथ कायबॅबच्या तोंडाशी खासगी गाड्या नेता येत नाहीत, पण पहाटे ट्रेकर्ससाठी थेट शटल असते. ती पकडून सव्वासहाला, फटफटत असताना, उतरायला लागा. सूर्योदय सीडर रिजच्या वाटेवरच होईल, आणि या दिवसाचं ते सगळ्यात मोठं बक्षीस आहे. नदीवर साडेदहा, तिथून निघायला सव्वाअकरा, हवासुपाय गार्डन्सला सव्वादोन, निघायला पावणेतीन. मग सहाच्या सुमारास तुम्ही वरच्या टप्प्यात, रिमपासून दीड मैलावरच्या निवाऱ्याच्या वर असाल. अंधार आलाच तर शेवटच्या तासात येईल. वाट तिथे रुंद आहे, वर्दळ असते आणि माणसाला आपण पोहोचतोय हे कळत असतं. सोबत अडीच तासांची शिल्लक. मी हा बेत मांडतो तेव्हा अंधाराचा एक तास गृहीतच धरतो. तो टाळण्यासाठी धावपळ करायला कुणाला सांगत नाही, कारण दुपारी तीनला घाईने चढणारा माणूस संध्याकाळी सहाला दगडावर बसलेला सापडतो.

दरीतली संध्याकाळ घड्याळापेक्षा आधी होते, हेही ध्यानात ठेवा. ब्राइट एंजलची वाट एका भूस्तरभंगाच्या फटीतून वर जाते, दोन्ही बाजूंना उंच भिंती. पंचांगातला सूर्यास्त पावणेसहाचा असला तरी तुमच्या अंगावरचं ऊन त्याच्या बरंच आधी जातं आणि गारवा लगेच जाणवतो. चंद्राच्या भरवशावरही राहू नका. पौर्णिमा असली तरी चंद्र त्या भिंतींवरून डोकावेपर्यंत तुम्ही अर्धी वाट चाललेले असता.

निर्णयाची खरी जागा नदीवर नाही. ती वर आहे, स्केलेटन पॉइंट आणि टिपऑफ या दोन ठिकाणी. स्केलेटन पॉइंट सुरुवातीपासून तीन मैलांवर (पाट्या मैलातच असतात, म्हणून मैल सांगतो) आणि टिपऑफ साडेचार मैलांच्या आसपास. स्केलेटन पॉइंटला नदी पहिल्यांदा नीट दिसते आणि पाय आपोआप पुढे पडतात. तिथे थांबून प्रत्येकाला वेगळं विचारा, बाकीच्यांसमोर नाही: गुडघे कसे आहेत, पाणी किती उरलंय, काही खाल्लंस का, रात्री झोप झाली का. ‘बघू, जमेल’ हे उत्तर मी नकार म्हणून धरतो. चौघांपैकी एकाचाही नकार आला तर तिथूनच मागे. सहा मैलांचा, सव्वासहाशे मीटर चढाचा तो दिवसही या दरीतल्या उत्तम दिवसांपैकी आहे, आणि दुपारी दोनपर्यंत तुम्ही वर असता.

टिपऑफपाशी आणखी एक पर्याय मिळतो आणि तो कमी लोकांना माहीत असतो. तिथून टोंटो ट्रेल पश्चिमेकडे पठारावरून साधारण सात किलोमीटर आडवी जाते आणि थेट हवासुपाय गार्डन्सला पोहोचते. नदीपर्यंतचा उतार आणि तिथून परतीचा चढ दोन्ही वाचतात, साधारण चारशे मीटर. पण त्या आडव्या वाटेवर ना सावली, ना भरवशाचं पाणी. टिपऑफला साडेदहा वाजून गेले असतील, चौघेही ठीक असतील आणि पाण्याच्या बाटल्या अर्ध्याहून जास्त भरलेल्या असतील, तर मी नदीचा नाद सोडून ही वाट धरतो. पाणी कमी असेल तर तीही नाही. मग आल्या वाटेने वर.

आता पाणी. साउथ कायबॅबवर पाण्याचा थेंब नाही. प्रत्येकाने तीन लिटर घेऊनच उतरायचं. तळाशी ब्राइट एंजल कॅम्पग्राउंड आणि फँटम रँचला नळ आहेत, नंतर हवासुपाय गार्डन्सला. त्याच्या वर तीन मैल आणि दीड मैल या निवाऱ्यांचे नळ हंगामी असतात, थंडी आली की बंद होतात. ऑक्टोबरअखेर ते बंदच आहेत असं धरून हवासुपाय गार्डन्सला शेवटच्या चढासाठी दोन लिटर भरा. आणि हे सगळे नळ ज्या जलवाहिनीवर आहेत ती १९६०च्या दशकात बांधायला घेतलेली, ॲल्युमिनियमची, वारंवार फुटणारी. तिच्या दुरुस्तीचं मोठं काम २०२३ मध्ये सुरू झालं. त्यापायी कधी नळ कोरडे, कधी वाटेचा तुकडाच बंद, असं होत राहिलं आहे. त्यामुळे एक छोटा फिल्टर किंवा शुद्धीकरणाच्या गोळ्या पिशवीत हव्यातच. ब्राइट एंजल ओढा आणि गार्डन क्रीक यांचं पाणी गाळून पिता येतं. नदीचं गढूळ पाणी फिल्टर लगेच बुजवतं.

पाण्याइतकंच मीठ महत्त्वाचं, आणि हा मुद्दा मी जरा लावून धरणार आहे. सह्याद्रीतल्या दमट हवेत घाम निथळतो, शर्ट चिंब होतो, तेव्हा आपल्याला कळतं की अंगातून काही जातंय. इथल्या कोरड्या हवेत घाम फुटताच उडून जातो. अंग कोरडंच राहतं आणि शर्टावर पांढरे पट्टे उमटतात. ते मीठ. माणूस घाबरून लिटरमागून लिटर साधं पाणी पितो आणि रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजणं, वारंवार पांढरीस्वच्छ लघवी, मग गोंधळलेलं बोलणं. उष्म्याच्या त्रासासारखंच दिसतं, म्हणून सोबतचे लोक आणखी पाणी पाजतात आणि प्रकरण हाताबाहेर जातं. या दरीत हे इतक्या वेळा घडलं आहे की रेंजर वाटेवर थांबवून ‘पाणी आहे का’ याच्या जोडीने ‘खाल्लंत का’ हेही विचारतात. तहान लागेल तसं प्या आणि प्रत्येक थांब्यावर काहीतरी खारं तोंडात टाका. आपल्याकडे याला तोटा नाही: खारे शेंगदाणे, शेव, मेतकूट लावलेली पोळी, लिंबाचं लोणचं, ओआरएसची पाकिटं. चिक्की, खजूर, लाडू शक्तीसाठी ठेवा. दुपारी चारनंतर भूक मरते. तेव्हा न विचारता प्रत्येकाच्या हातात खाऊ द्यायचा. हे काम एका माणसाकडे आधीच सोपवून ठेवा.

चढताना वेग असा ठेवा की पूर्ण वाक्य न धापता बोलता आलं पाहिजे. उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला, असं धरून चाला. दर तासाभराने दहा मिनिटं बसायचं, पाय दगडावर उंच टेकवून. हवासुपाय गार्डन्सला मात्र मी पाऊण तासही थांबवतो. तिथे कॉटनवूडची झाडं आहेत, ओढा आहे. २०२२ पर्यंत पाट्यांवर या जागेचं नाव इंडियन गार्डन होतं. पिढ्यानपिढ्या इथे शेती करणाऱ्या हवासुपाय लोकांना विसाव्या शतकात उद्यानाने बाहेर काढलं, आणि त्यांच्या मागणीवरून नाव बदललं. तळाशी तुम्ही ज्या काळ्या झुलत्या पुलावरून नदी ओलांडता, त्याचे टनाटनाचे तारदोर १९२८ मध्ये बहुतांश हवासुपाय गड्यांनीच खांद्यावरून खाली आणले, तुम्ही उतरलात त्याच वाटेने. थांबाल तेव्हा ही माणसं आठवावीत, असं मला मनापासून वाटतं.

या थांब्यावरच, लख्ख उजेडात, अंधाराची तयारी करायची. हेडटॉर्च पिशवीच्या तळातून काढून गळ्यात अडकवा. चौघांचे चार, दोघांत एक नाही. मोबाइलचा दिवा धरला तर चालायची काठी धरायला हात उरत नाही आणि बॅटरी संपली की फोनही जातो. जादा सेल खिशात ठेवा, कारण थंडीत ते लवकर उतरतात. घामाने ओला बनियन बदलून कोरडा घाला. जाकीट आणि कानटोपी पिशवीत सगळ्यात वर. हे काम अंधार पडल्यावर, दमलेल्या हातांनी, वाऱ्यात करायला लागलं तर लोक ते टाळतात आणि तिथून थंडी भरायला सुरुवात होते.

ब्राइट एंजलवर वाट चुकणं अवघड आहे, अडखळणं सोपं. खेचरांच्या पावलांनी आडव्या ओंडक्यांमागची माती खणली गेलेली असते, त्यामुळे पायऱ्या उंचसखल आणि अधूनमधून डबकी. कपाळावरचा दिवा डोळ्यांच्या रेषेतूनच प्रकाश टाकतो, त्यामुळे दगडांच्या सावल्या दिसत नाहीत आणि जमीन सपाट भासते. दिवा हातात किंवा कमरेपाशी धरलात की खाचखळगे लगेच उठून दिसतात. हा छोटा बदल अनेकांचे घोटे वाचवतो. चालायचं डोंगराच्या अंगाने, सगळ्यात हळू माणूस पुढून दुसरा, सगळ्यात ताजा शेवटी. कुणी ‘मी पुढे जाऊन गाडी गरम करतो’ म्हटलं तर ठामपणे नाही म्हणा. आधार घ्यायला कपारीत हात घालण्याआधी उजेड टाका. थंडीत साप-विंचू कमी फिरतात, तरी उन्हाने तापलेले दगड रात्री बराच वेळ ऊब धरून असतात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मन खचणार नाही. अंधार पडला की वर रिमवरच्या हॉटेलांचे दिवे दिसायला लागतात आणि ते अगदी जवळ वाटतात. तीन मैलांच्या निवाऱ्यापासून ते दिसले तरी अजून दोन-अडीच तास आहेत. त्यांच्याकडे बघत चालू नका. वाटेवर दोन छोटे बोगदे आहेत. पहिला लागला की शेवटचा साधारण सव्वा किलोमीटर राहिला, दुसरा लागला की काही मिनिटं. मोजायचंच असेल तर ते मोजा.

आणि कुणी खरंच थांबलं तर? दरीत मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते. पण टिपऑफ, नदीजवळचा निवारा, फँटम रँच, हवासुपाय गार्डन्स, तीन मैल आणि दीड मैलाचे निवारे या ठिकाणी आपत्कालीन फोन आहेत. त्या जागा नकाशावर खूण करून ठेवा. मात्र फोन केला म्हणजे रात्री कुणी उचलून नेईल, अशी अपेक्षा ठेवू नका. बहुतेक वेळा माणसाला हवी असते ती ऊब, खारट-गोड खाणं आणि तासभर विश्रांती. निवाऱ्यात बसवा, सगळ्यांची जाकिटं घाला, चांदीच्या कागदासारखी ती आपत्कालीन चादर गुंडाळा. मग बहुतेक जण हळूहळू चालू लागतात. बोलण्यात गोंधळ, सतत उलट्या, छातीत दुखणं किंवा तोल जाणं यांपैकी काही असेल तर वाट न बघता फोन करा आणि तिथेच थांबा. दोघांनी त्याच्यापाशी राहायचं. पहाटेपर्यंत बसून राहावं लागलं तरी चालेल. त्यासाठीच प्रत्येकाकडे उबदार कपडे हवेत.

दरीबाहेरच्या एका विश्वासू माणसाला तुमची वाट, गाडीचा नंबर आणि ‘रात्री अकरापर्यंत निरोप आला नाही तर ९११ला कळव’ एवढं लिहून द्या. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांचा जेट लॅग उतरायला किमान चार दिवस मधे ठेवा. आदल्या दिवशी रिमच्या उंचीवर मुक्काम करा, कारण दोन हजार मीटरवर पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही हे अनेकांना वाटेवरच कळतं. त्याच संध्याकाळी बॅककंट्री ऑफिसमध्ये (दरीतल्या वाटांचं काम बघणारं उद्यानाचं कार्यालय) किंवा उद्यानाच्या संकेतस्थळावर तीन गोष्टी तपासा: कोणता नळ चालू आहे, कोणती वाट किंवा पूल बंद आहे आणि पहाटेची शटल नक्की किती वाजता आहे. शटलच्या वेळा महिन्यागणिक बदलतात. ॲरिझोनाच्या या भागात घड्याळ पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये तिथली वेळ कॅलिफोर्नियाशी जुळते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर मात्र एका तासाचा फरक पडतो. तुमची तारीख पुढे सरकलीच तर हे बघा, आणि बर्फावर चालायचे बुटांना लावायचे खिळेही बरोबर घ्या, कारण ब्राइट एंजलचा वरचा भाग सावलीत असतो आणि तिथे बर्फ एकदा बसला की आठवडेच्या आठवडे राहतो.